डीप टिश्यू मसाज (खोलवर दाबून केलेली मालिश) करताना "रडू आलं तर रडा" हे आलं कुठून?

गेल्या वर्षी माझा खांदा आखडला होता तेव्हा फिजिओच्या जोडीला डीप टिश्यूची चार सेशन्स घेतली, आणि पहिल्याच दिवशी त्या ताई पाठीत कोपर रोवता रोवता अगदी सहज म्हणाल्या, रडू आलं तर येऊ द्या, दाबून ठेवू नका. मला रडू आलं खरं पण ते दुखलं म्हणून. तेव्हापासून डोक्यात किडा होता की दुखापतीच्या मालिशमध्ये हे मन मोकळं करणं कधी घुसलं, कारण आपल्याकडे तालमीत पैलवान रगडून घेतात तेव्हा भावना बिवना कुणी विचारत नाही.

शोधायला गेलं की इडा रॉल्फ सापडते. जन्म १८९६, न्यूयॉर्क. बाई मालिशवाली वगैरे नाही, १९२० साली कोलंबियातून बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट, नोकरी रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. किस्सा असा सांगतात की १९४० च्या आसपास तिला मुलांसाठी पियानो टीचर हवी होती आणि जी मिळाली ती पडल्यामुळे तिचे हात कामातून गेलेले, तर रॉल्फ म्हणाली मी तुझे हात बघते, तू माझ्या मुलांना शिकव. सुरुवात योगासनांपासून झाली (योग ती आधीपासून करायची), मग हळूहळू हाताने, बोटांच्या पेरांनी, कोपराने दाबणं आलं. तिचा सगळा भर फॅशियावर. मटण साफ करताना तो पांढरा चिवट पापुद्रा निघतो ना, तोच. दुखापतीनंतर हा आखडतो, शरीर वाकडं होतं आणि मग गुरुत्वाकर्षण त्याला अजून खाली ओढतं, असं तिचं म्हणणं. त्यावर दहा सेशन्सचा कोर्स, सातव्यात तर तोंडात आणि नाकातसुद्धा बोट घालतात.

यात रडणं कुठेच नाही. ते आलं व्हिएन्नाहून. मनोविश्लेषणाच्या फ्रॉइडच्या गोटातला विल्हेल्म राइक १९३० च्या दशकात सांगत होता की दाबलेल्या भावना स्नायूंत चिलखतासारख्या घट्ट बसतात. पुढे अमेरिकेत तो ऑर्गोन नावाच्या ऊर्जेच्या पेट्या विकायच्या भानगडीत पडला आणि १९५७ ला तुरुंगातच वारला, पण त्याआधी बर्लिनमध्ये त्याच्याकडे एक पेशंट येऊन गेला होता, फ्रिट्झ पर्ल्स, म्हणजे पुढचा गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचार पद्धतीवाला.

हा पर्ल्स साठच्या दशकात कॅलिफोर्नियात बिग सर नावाच्या किनाऱ्यावर एसालेन या केंद्रात राहत होता. समुद्राच्या कड्यावर गरम पाण्याचे झरे, आणि १९६२ साली दोघा तरुणांनी काढलेलं हे केंद्र, त्यातला मायकेल मर्फी आधी पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात राहून आलेला. पर्ल्सला हृदयाचा त्रास होता, रॉल्फ तिथे आली, तिने त्याच्यावर काम केलं, त्याला बरं वाटलं आणि मग तो सगळ्यांना सांगत सुटला. झालं, राइकचं चिलखत आणि रॉल्फचा फॅशिया एकाच टेबलावर आले! जी माणसं दिवसभर थेरपीच्या ग्रुपमध्ये बसून रडत ओरडत होती तीच संध्याकाळी तिच्या कोपराखाली, मग तिथेही रडू फुटणारच की. रॉल्फिंग हे टोपणनावही तिथलंच, तिचं स्वतःचं नाव होतं स्ट्रक्चरल इंटिग्रेशन.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरात तिची संस्था निघाली, १९७९ ला ती गेली. आज स्पाच्या रेटकार्डावर जे डीप टिश्यू असतं ते रॉल्फिंग नव्हे, त्याला कुणी एक मालक नाही, पण ते रडण्याचं वाक्य मात्र बरेच जण इथूनच उचलतात असं मला वाटतं.

आता पापुद्रा खरंच सैल होतो का? २००८ मध्ये काही संशोधकांनी गणित मांडलं तर तळपायाचा आणि मांडीचा जाड फॅशिया एक टक्का दाबायलाही माणसाच्या हाताबाहेरचा जोर लागतो असं निघालं. म्हणजे आराम पडत असेल तर तो दुसऱ्या कशाने तरी पडतो, आणि मला पडला हे खरं, पण खांदा वर जायला लागला तो रोजच्या व्यायामाने. ऑस्ट्रेलियाने २०१५ च्या सरकारी तपासणीत ठोस पुरावा नाही म्हणून एप्रिल २०१९ पासून रॉल्फिंग सरकारी सवलत मिळणाऱ्या खासगी आरोग्यविम्यातून काढून टाकलं. त्याच यादीत योगही होता, हे माझ्या आईला सांगू नका.