शुगर निघणे

मधुमेहाचे निदान झाल्याचे सांगण्याची महाराष्ट्रातील रूढ बोली. ‘वडिलांना शुगर निघाली’ यातले क्रियापद अगदी नेमके आहे. प्रकार २ चा मधुमेह वर्षानुवर्षे गुपचूप अंगात असतो आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी किंवा विम्याच्या तपासणीत अचानक सापडतो. उपाशीपोटी रक्तशर्करा डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के, ही निदानाची सीमा. त्याखालच्याला ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतात आणि बहुधा तिथेच विषय सोडून देतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

‘मी तर गोड खातच नाही’ आणि ‘मी कुठे जाड आहे?’ हे बहुतेकांचे पहिले उद्गार. रोगाच्या नावातच साखर असल्याने दोष गोडाला जातो. आनुवंशिकता, पोटावरची चरबी, बैठे काम मागे राहतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच सापडले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांच्या अभ्यासातून दाखवले, की वजनाला कमी भरणाऱ्या बाळांच्या अंगातही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. वरून सडपातळ दिसणे म्हणजे निर्धास्त असणे नव्हे.

मग घरगुती उपाय सुरू होतात : कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, जांभळाच्या बियांचे चूर्ण, बिबळा (विजयसार) या झाडाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी. कडू हे गोडाला मारते, हा त्यामागचा तर्क. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. चरकसंहितेने प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांचे) वीस प्रकार सांगितले आहेत, आणि मेथीतील तंतू साखरेचे शोषण खरोखर मंदावतात. घात होतो तो गोळी बंद करून केवळ रसावर राहिल्याने. ‘गूळ चालतो’ ही समजूत मात्र साफ चुकीची. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते.

सर्वांत खोल भीती इन्सुलिनची. ‘सुई लागली म्हणजे संपलं’ असे म्हणणाऱ्याने बहुधा घरात तसे पाहिलेले असते. आजोबांना इन्सुलिन सुरू झाले तेव्हा पाय काळा पडला होता, मूत्रपिंडे थकली होती. उशिरा दिलेल्या औषधावर उशिराचा दोष बसला, आणि त्या धास्तीने पुढची पिढीही उशीर करते. प्रकार १ मध्ये, म्हणजे बहुधा लहान वयात होणाऱ्या आणि शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मधुमेहात, तर ते पहिल्या दिवसापासून लागते. ते थांबवणे मुलाच्या जिवावर बेतते. लग्न जमणार नाही म्हणून मुलीचा हा आजार लपवणारी घरे आहेत, आणि ती मुलगी दुपारचे इंजेक्शन चोरून घेते किंवा चुकवते.

जुळवून घेण्याची खरी कसोटी पंगतीत लागते. पुरणपोळी नाकारणे म्हणजे वाढणाऱ्याचा अवमान, त्यात ‘एवढ्याशाने काय होतंय’ हा आग्रह. प्रसादाचा कण जिभेवर ठेवून उरलेला शेजाऱ्याला देणे ही अनेकांनी स्वतःच काढलेली वाट. नवऱ्याला शुगर निघाली की बायको वेगळी भाजी-भाकरी करते. तिला स्वतःला निघाली तर बहुधा उरलेसुरलेच खाते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते, तर गोळी घेऊन निर्जळी राहिल्यास ती घसरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम सुटला की उपास मोडेल म्हणून थांबायचे नसते. तत्क्षणी तीन-चार चहाचे चमचे साखर तोंडात घालायची असते.