पाउच तुमचे, पण चित्र कोणाचं?

(आमच्या छापखान्यातर्फे सांगलीतल्या हळद, बेदाणा आणि मसाला व्यापाऱ्यांसाठी)

"पैसे आम्ही मोजले, मग लेबलही आमचंच ना?" हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. पाउच तुमचेच. सिलिंडरचे, म्हणजे छपाईच्या कोरीव रुळांचे, पैसे वेगळे भरले असतील तर सिलिंडरही तुमचे, हवे तेव्हा उचलून न्या. पाउचावरच्या चित्राचं तसं नाही.

गोदामातून कोणी हळदीचं पोतं पळवलं, तर तुमचं एक पोतं कमी भरतं. लेबल पळवलं तर तुमचं लेबल जागच्या जागीच असतं. जातं ते गिऱ्हाईक. म्हणून अशा मालमत्तेचे कायदेही निराळे.

आमच्या पगारी डिझायनरने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, म्हणजे नक्कल करण्याचा हक्क, कायद्याने छापखान्याकडे येतो. बाहेरच्या डिझायनरकडून लेबल करून आणलंत, तर कॉपीराइट त्याच्याकडेच राहू शकतो. बिलाची पावती म्हणजे खरेदीखत नव्हे. हक्क तुमच्या नावावर यायला लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षंच धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बेदाणा परदेशी पाठवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी! आमच्याकडच्या डिझाईनसाठी एका पानाचं हस्तांतरणपत्र आम्ही बिलासोबत देतो. विसरलो तर भांडून घ्या.

जमिनीचा सातबारा वारसांच्या नावावर चढत राहतो. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो, पेटंट तर अर्ज केल्यापासून 20 वर्षांतच. ट्रेडमार्क, म्हणजे तुमच्या मालाचं नाव किंवा चिन्ह, तेवढा दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून पिढ्यान् पिढ्या चालवता येतो. त्याची नोंदणी आम्ही करत नाही, ते वकिलाचं काम. पण नोंदणीआधी नावापुढे वर्तुळातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) छापायला सांगू नका, कायद्याने त्याला दंड आहे. 'टीएम' चालेल.

'सांगली हळद' या नावाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं. ते कोणा एका पेढीचं नाही, कोणाला विकताही येत नाही. मानांकनाचं चिन्ह पाउचावर हवं असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद झाल्याचं प्रमाणपत्र आणा.

आणि दुसऱ्याचं पाकीट पुढे ठेवून "अगदी असंच, फक्त नाव बदला" म्हणाल, तर चहा पाजू, ऑर्डर घेणार नाही.