‘रक्कम’ म्हणजे रुपये की पैसे?

ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय देणाऱ्या रेझरपेच्या सेवेला आपल्या प्रोग्राममधून ऑर्डर पाठवायची, तर रक्कम रुपयांत चालत नाही, पैशांत द्यावी लागते. पाचशे रुपये घ्यायचे तर 50000 लिहायचे. नव्या प्रोग्रामरने चुकून 500 लिहिलं, तर चाचणीत पाच रुपयांची ऑर्डर बघून त्याला शंका येते, तो कुणाला तरी विचारतो आणि पुढे विसरत नाही. हेच काम एआय एजंटवर सोपवलं आणि त्याच्यापुढच्या वर्णनात नुसतंच ‘रक्कम: संख्या’ असं असेल, तर तो अंदाज बांधतो आणि पुढे जातो.

एजंट म्हणजे हाताशी काही टूल्स, म्हणजे ठरावीक काम करणारे प्रोग्राम, दिलेलं भाषेचं मॉडेल. मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही. प्रत्येक टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कशा स्वरूपात द्यायची याचा तपशील, एवढा मजकूर त्याच्यासमोर येतो. तो वाचून मॉडेल ‘अमुक टूल, अमुक माहिती’ असं लिहून देतं. बाहेरचा प्रोग्राम ते टूल चालवतो आणि निकाल पुन्हा मजकूर म्हणूनच मॉडेलकडे येतो. ओपनएआय या एआय कंपनीने जून 2023 मध्ये आणलेलं ‘फंक्शन कॉलिंग’ असो की अँथ्रोपिक या दुसऱ्या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेलं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुलं मानक, गाभा हाच. टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही, आणि कालच्या कामात काय ठेच लागली हेही, कुणी मुद्दाम नोंदवून ठेवलं नसेल तर, आज त्याला ठाऊक नसतं. म्हणून वर्णन हा टूलचाच भाग आहे, असं मी आग्रहाने म्हणेन. कोड बिनचूक आणि वर्णन मोघम असेल, तर ते टूल अर्धवटच आहे.

समजा, एका दुकानाच्या टूलचं वर्णन आहे: ‘परतावा देते.’ तेच असं लिहून बघू: ‘ग्राहकाला पैसे परत करते. रक्कम पैशांत, पूर्णांकात द्या; ₹500 साठी 50000. रक्कम दिली नाही तर पूर्ण पैसे परत जातात. एकदा दिलेला परतावा रद्द होत नाही. माल अजून निघाला नसेल तर हे वापरू नका. त्यासाठी ऑर्डर रद्द करण्याचं वेगळं टूल आहे.’ यातली शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात मोलाची वाटतात. टूल काय करतं हे बहुतेक जण लिहितात. कधी वापरू नये, हे लिहायचं राहून जातं. दोन टूल्स दिसायला सारखी असली की एजंट नेमका तिथेच फसतो.

कधी कधी मात्र वर्णन वाढवण्यापेक्षा टूलच बदलणं बरं. अँथ्रोपिकच्या प्रोग्रामिंग करणाऱ्या एजंटने फोल्डर बदललं की फाइलचे पत्ते चुकायचे, कारण तो ते चालू फोल्डरपासून मोजून देत होता. त्यांनी टूलमध्ये मुळापासूनचा पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि त्या चुका थांबल्या.

टूलकडून येणारं उत्तर हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच, म्हणजे वापराच्या माहितीचाच, भाग. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी रीत अशी, की काम नीट झालं तर कमांडने, म्हणजे टाइप करून दिलेल्या आज्ञेने, गप्प बसावं. सरावलेल्या माणसाला ते कळतं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2024 मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’ हा प्रोग्रामिंग करणारा एजंट बनवताना ही रीत मोडली: कमांडचं उत्तर रिकामं आलं, तर ‘कमांड यशस्वी झाली, पण काही छापलं नाही’ असा संदेश मॉडेलला दिला. एररचंही तसंच. ‘चूक 400’ वाचून एजंट काय करणार? ‘तारीख 2025-04-03 अशी द्या, वर्ष आधी’ हे वाचून तो पुढच्या खेपेला बरोबर तारीख देऊ शकतो.

याच युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडखाली ‘बग्स’ असा रकाना असे. आपल्या साधनातले दोष लिहून ठेवण्याचा तो प्रामाणिकपणा आज एजंटसाठी लिहिताना फार कामाचा आहे.

अर्थात वर्णनं वाट्टेल तेवढी लांबवता येत नाहीत. टूल्स भरमसाट झाली की त्यांचं वर्णनच मॉडेलची वाचनाची मर्यादा खाऊन टाकतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे एजंटला खरं काम देऊन त्याच्या नोंदी वाचल्यावरच ठरतं. अँथ्रोपिकच्या वेब-शोधाच्या टूलबाबत तसंच घडलं. नोंदींमध्ये दिसलं, की मॉडेल शोधाच्या शब्दांना गरज नसताना ‘2025’ जोडत होतं आणि त्यामुळे निकाल बिघडत होते. ते सुधारायला मॉडेल नव्याने शिकवावं लागलं नाही, टूलचं वर्णन सुधारलं.