डार्क चॉकलेटमधील फ्लॅव्हनॉलांचे शोषण

कोकोच्या बियांत फ्लॅव्हनॉल गटातील संयुगे असतात आणि डार्क चॉकलेटची ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून असलेली ख्याती मुख्यतः त्यांच्यामुळे आहे. एपिकॅटेचिन व कॅटेचिन हे या गटातील सुटे रेणू होत. ते एकमेकांना जोडले जाऊन बनलेल्या लहानमोठ्या साखळ्यांना प्रोसायनिडिने म्हणतात.

जठरातील आम्लाने या साखळ्या फारशा तुटत नाहीत. सुटे एपिकॅटेचिन लहान आतड्यात शोषले जाते. परंतु आतड्याच्या अस्तरातील पेशींत आणि पुढे यकृतात त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथिल गट जोडले जात असल्यामुळे रक्तात मूळ रेणू जवळजवळ सापडतच नाही, सापडतात ती त्याची बदललेली रूपे. खाल्ल्यावर सुमारे २ तासांनी त्यांची पातळी सर्वाधिक असते. लांब साखळ्या मात्र तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथील जिवाणू त्यांचे, तसेच वर शोषले न गेलेल्या एपिकॅटेचिनचे विघटन करून व्हॅलेरोलॅक्टोने व फिनॉलिक आम्ले ही लहान संयुगे तयार करतात. ही काही तासांनी रक्तात येतात व शेवटी मूत्रावाटे बाहेर पडतात. प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असल्याने हे प्रमाणही माणसागणिक बदलते.

शोषणाचे गणित कारखान्यातच बरेचसे ठरलेले असते. भाजताना आणि विशेषतः अल्कली प्रक्रियेत (आंबटपणा कमी करण्यासाठी कोकोत अल्कली मिसळताना) फ्लॅव्हनॉल नष्ट होतात, शिवाय उरलेल्या एपिकॅटेचिनपैकी काहींची त्रिमितीय रचना पालटून त्याचे कमी शोषले जाणारे कॅटेचिन बनते. अल्कलीने कोकोचा रंग गडद होतो, तेव्हा काळेपणा हा फ्लॅव्हनॉलांचा पुरावा नव्हे. वेष्टनावरील कोकोच्या टक्केवारीत तर कोको बटर, म्हणजे फ्लॅव्हनॉल जवळजवळ नसलेली कोकोतील चरबीही धरलेली असते. दुधामुळे शोषण घटते असा निष्कर्ष २००३ मध्ये मांडला गेला, पण नंतरच्या काही प्रयोगांत तो टिकला नाही.

रक्तातील या संयुगांची पातळी यूरिक आम्ल या रक्तातील प्रमुख अँटिऑक्सिडंटच्या तुलनेत इतकी अल्प असते की, ही संयुगे स्वतः मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) टिपून रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढवतात हे स्पष्टीकरण तोकडे पडते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढून त्या सैलावतात, हे अधिक ग्राह्य मानले जाते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केलेला दावाही रक्तवाहिन्यांच्या या लवचिकतेपुरताच असून, त्यासाठी रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल घेण्याची अट आहे.