चुना वाळत नाही

मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे म्हणून जे ठसे दाखवतात, ते चुन्यात उमटलेले आहेत. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ओल्या चुन्यात हात दाबला आणि चुना वाळल्यावर ठसा राहिला.’ ऐकायला पटतं. पण वाळणं म्हणजे नुसतं पाणी उडून जाणं. वाळलेला चिखल मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा चिखल होतो. या किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं. मालवणचे साडेतीनशेहून जास्त पावसाळे झाले तरी तिथला चुना काही पुन्हा लगदा झालेला नाही.

दहावीला ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ शिकवताना सुरुवात इथून करावी, असं माझं मत आहे. कोकणातल्या मुलांना तर कच्चा माल खाडीवरच मिळतो. आपल्याकडे जांभा आहे, काळा कातळ आहे, पण चुनखडीचे डोंगर नाहीत. म्हणून किनाऱ्यावर चुना पाडायचे तो शिंपल्यांचा. तिसऱ्या, कालवं, मुळे यांची कवचं म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापली की:

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

हा कळीचा चुना. १०० ग्रॅम शिंपल्यांतून ५६ ग्रॅम चुना उरतो, ४४ ग्रॅम वायू होऊन जातो. शिंपल्याचा आकार बराचसा तसाच राहतो, हातात घेतला की मात्र हलका लागतो. कळीचा चुना कातडी भाजतो, तेव्हा भट्टीतला अग्नीच त्यात शिरून बसतो अशी जुनी समजूत होती. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली छापलेल्या प्रयोगांत तराजू पुढे केला आणि दाखवलं की आत काही शिरत नाही, उलट आतली ‘हवा’ निघून जाते. रसायनशास्त्रात वजन करून वाद मिटवायची सवय लागली ती अशा कामांतून.

आता पाणी घाला:

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड

चुना फसफसतो, वाफा येतात. एक किलो कळीच्या चुन्यातून निघणाऱ्या उष्णतेवर साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. (हा प्रयोग घरी नको. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.) समीकरण हा अणूंचा जमाखर्च आहे. ५६ अधिक १८ बरोबर ७४, कुठे एक अणू इकडचा तिकडे नाही. ताळा जुळत नसेल तर मुलं सरळ रेणूसूत्रातच आकडा खुपसतात, तिथे घोळ होतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढवलात तर समीकरण जुळेलही, पण ते पाणी राहणार नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. वाढवायची ती रेणूंची संख्या. शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून बुडबुडे बघा: एका कॅल्शियम कार्बोनेटला ॲसिटिक आम्लाचे २ रेणू लागतात, कारण कॅल्शियमला दोन हात आहेत.

खरी मजा तिसऱ्या पायरीत आहे. गवंडी हा विरवलेला चुना वाळूत मळून गिलावा करतो, आणि मग:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

भट्टीतून निघून गेलेला वायू हवेतून परत येतो आणि शिंपल्याचा पदार्थ पुन्हा तयार होतो. वजनं मांडा: ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो आणि १०० ग्रॅम होतो. वाळणारी वस्तू हलकी होते. चुना जड होतो! शिवाय त्याचं घनफळ साधारण १२ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे गिलाव्यातली बारीक छिद्रं आतून बुजत जातात.

आणि यासाठी पाणी लागतंच. कार्बन डायऑक्साइड कोरड्या चुन्यावर जवळपास काही करत नाही. छिद्रांच्या भिंतींवर पाण्याचा पातळ थर हवा. वायू त्यात विरघळतो, थोड्या भागाचे कार्बोनेट आयन होतात. चुनाही त्याच थरात विरघळून कॅल्शियम आयन देतो. दोघे भेटले की कार्बोनेटचा स्फटिक खाली बसतो. पण छिद्रं पाण्याने गच्च भरली तर वायू आत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. म्हणजे फार कोरडं नको, फार ओलंही नको. आषाढात केलेला गिलावा म्हणूनच धड होत नाही. भर उन्हात केलेल्या गिलाव्यावर गवंडी पाणी मारतो, तेही याचसाठी. शिवाय पुढचा वायू आधीच दगड झालेल्या थरातून वाट काढत जातो, त्यामुळे वेग घटत जातो: खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट आत जायला चौपट वेळ.

समीकरणात यातलं काहीच लिहिलेलं नसतं. वेग नाही, ओल नाही, स्फटिकाची रचनाही नाही. तिसरीच्या कवचातला कॅल्शियम कार्बोनेट ॲरागोनाइट या रूपात असतो, गिलाव्यात तो बहुतेक कॅल्साइट होतो. सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी.

जुन्या चुन्यात गूळ, बेलफळ घालत, त्यामुळे किल्ले टिकले असं ठासून सांगतात. मळायला आणि चिकटायला त्याची मदत होते, पण दगड बनवणारा वायू हवेतलाच. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाऊन सत्तर रोग बरे होतात, असे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांना तर कुठल्याच समीकरणाचा आधार नाही.

शाळेत करून बघायचं तर चुना-वाळूचे सारखे गोळे करून सावलीत ठेवा, अधूनमधून पाणी शिंपडा. महिन्याने एक फोडा आणि ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. अजून चुनाच असलेला गाभा गुलाबी होईल, दगड झालेली कड रंगणार नाही. कडेची जाडी मोजून ठेवा आणि पुढचा गोळा चार महिन्यांचा झाल्यावर फोडा.