भाडेकरू अडचणीत असताना भाडेवाढ कधी करावी?
आमच्या घरमालक ग्राहकांसाठी

कराराची मुदत संपत आली आहे आणि भाडेकरूचं भाडं उशिरा येऊ लागलं आहे. अशा वेळी वाढीचं पत्र देण्याआधी रिकाम्या घराचा हिशेब करा.

5 टक्के वाढ म्हणजे वर्षभरात जेमतेम 0.6 महिन्याचं भाडं. त्या वाढीपायी भाडेकरू गेला आणि घर 2 महिने रिकामं राहिलं, तर नव्याने वाढीव भाडं मोजूनही ती तूट भरायला 40 महिने लागतात. रंगकाम, दुरुस्ती, दलाली वेगळीच. भाडं चालू दरापेक्षा 15 टक्क्यांनी कमी असेल, तर मात्र तीच तूट साधारण 11-12 महिन्यांत निघते. तिथे वाढ मागण्यात तथ्य आहे.

मग अडचण कसली, ते भेटून विचारा. नोकरी सुटली, आजारपण आलं, धंद्यातलं येणं अडकलं, तर वाढ 3 ते 6 महिने पुढे ढकला. कमाई कायमची घटली असेल आणि निम्मी मिळकत भाड्यातच जात असेल, तर नुसती वाढ थांबवून भागत नाही. परवडणारं घर शोधायला पुरेशी मुदत द्या. थकबाकी साचू देण्यापेक्षा त्यांच्याही दृष्टीने हेच बरं.

थकबाकी आणि वाढ एकाच वेळी लादू नका. 2 महिन्यांची थकबाकी 10 हप्त्यांत फेडायची म्हटली, तरी दरमहा भाड्याच्या 20 टक्के जादा भरावे लागतात. त्यावर 5 टक्के वाढ चढवली की पहिले दोन हप्ते येतात, तिसरा चुकतो आणि चालू भाडंही अडकतं. आधी थकबाकी फिटू द्या. ती अनामतीतून वळती करू नका. घर सोडताना मोडतोड निघाली तर हातात काहीच उरत नाही.

दुसरी चूक चांगल्या मनाने होते. संकोचापोटी 5 वर्षं वाढ मागायचीच नाही आणि मग दरसाल 5 टक्क्यांच्या हिशेबाने एकदम मागायची. ती सुमारे 28 टक्के होते. एवढी उडी सुस्थितीतल्या कुटुंबालाही पेलत नाही. खर्च वाढला असेल तर दरवर्षी थोडी वाढ घ्या. नड असेल तर निम्मी आता, निम्मी सहा महिन्यांनी.

सवलत नेहमी लेखी द्या: किती रकमेची, कोणत्या महिन्यापर्यंत, त्यानंतर भाडं किती. ‘बघू नंतर’ म्हटलं की भाडेकरू वाढ माफ झाली असं धरून चालतो. वाढीची मर्यादा आणि नोटिशीची मुदत करारात व घर जिथे आहे तिथल्या कायद्यात तपासा. कायद्याने कमी मुदत चालत असली, तरी पत्र दोन महिने आधी द्या.