उन्हाळी सोयाबीन पेरताय? पहिल्या दिवसाचा गारठा टाळा

जानेवारीत आमच्या बियाण्याच्या दुकानात एक तक्रार हमखास येते. "आठ दिवस झाले, सोयाबीन वर यायचं नाव नाही. बियाणं बोगस दिसतंय." कधी दोष खरंच बियाण्यात असतो. म्हणून तर पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण पुष्कळदा बी चांगलं असतं, पेरणीचा दिवस चुकलेला असतो.

खरिपात हा प्रश्न येत नाही. जूनमध्ये जमीन तापलेली असते, चार-पाच दिवसांत ओळी दिसू लागतात. उगवताना सोयाबीनला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. ते १० अंशांच्या खाली गेलं की उगवणीला १०-१२ दिवस लागू शकतात. पुढच्या खरिपाचं बियाणं घरचं व्हावं म्हणून आपण डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत पेरतो, आणि परभणी-हिंगोलीकडे कडाका पडतो तोही नेमका त्याच दिवसांत.

बियाच्या आत काय होतं?

थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं, तसंच काहीसं. बियाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा पातळ पापुद्रा असतो. सुक्या बियात तो आक्रसलेला असतो. ओल लागली की बी पहिले काही तास अधाशासारखं पाणी ओढतं. स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी पोटात गेल्याशिवाय सोयाबीनला मोड येत नाही. माती उबदार असेल तर पापुद्रा सैल होऊन नीट बसतो. गारठलेली असेल तर तो ताठच राहतो, जागोजागी फाटतो आणि आतली साखर, क्षार बाहेर झिरपतात. कोंबाची शिदोरी तर जातेच, शिवाय त्या साखरेवर जमिनीतली बुरशी जमते. मग उकरून पाहिलं की हाताला लागतो नुसता लगदा.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही फाटाफूट मुख्यतः पहिल्या २४ तासांत होते. तोच गारठा चौथ्या दिवशी आला, तर एकदा मोड आलेलं बी बहुतेक वेळा फक्त रेंगाळतं. कोंब जाडसर होतो, वर यायला वेळ लावतो, पण येतो. म्हणजे आठवडाभराची थंडी आपल्या हातात नसली, तरी पहिला दिवस निवडणं आपल्या हातात आहे.

सोयाबीनचं टरफल मुळातच पातळ. मळणीयंत्रात किंवा पोती आपटताना त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यातून पाणी आणखी वेगानं आत घुसतं. फार सुकलेल्या बियालाही हा झटका जास्त बसतो. पिशवी गाडीतून फेकू नका, हे आम्ही उगाच सांगत नाही.

पेरताना

पुढच्या दोन-तीन रात्रींचा अंदाज पाहा. पारा १० अंशांच्या खाली जाणार असेल तर पाच-सहा दिवस थांबा. पिशवी आज विकली काय आणि पुढच्या आठवड्यात काय, आमचं काही बिघडत नाही. मात्र थेट फेब्रुवारीपर्यंत रेंगाळू नका. शेंगा भरायच्या वेळी एप्रिलचं ऊन लागतं आणि दाणा बारीक राहतो.

कोरड्यात पेरून वरून पाणी सोडू नका. आधी रान ओलवा, वाफसा आला, म्हणजे जादा पाणी मुरून माती नुसती ओलसर राहिली, की पेरा. वाफशात बी सावकाश पाणी घेतं, तेच हवंय. सकाळी ऊन चढल्यावर पेरणी सुरू करा, म्हणजे पहिली ओल दुपारच्या उबेत मिळते. खोली ३ ते ४ सेंटिमीटर पुरे. लाईट रात्रीची आहे म्हणून पेरल्या रात्रीच तुषार सिंचन लावणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

हरभऱ्यासारखं सोयाबीन भिजवून पेरू नका. कार्बोक्झिन अधिक थायरम हे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळा, नंतर रायझोबियम हे जिवाणू खत. द्रावण बी माखण्यापुरतंच घ्या आणि बी सावलीत सुकवा.

घरच्या घरी परीक्षा

१०० दाण्यांच्या दोन गुंडाळ्या ओल्या गोणपाटात करा. एक घरात उबेला ठेवा. दुसरी पहिला दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग घरात. सातव्या-आठव्या दिवशी मोड मोजा. पहिलीत किमान ७० हवेत. पहिली चांगली आणि दुसरी फारच पडली, तर ते बी गारठ्यात टिकणारं नाही. त्याला उबदार दिवसच द्या.

उगवलं नाही तर

लगेच दुबार पेरणीच्या मागे लागू नका. बाराव्या दिवशी तीन-चार ठिकाणी ओळ उकरा. दाणा टणक, आतून पांढरा, कोंब वाकडा पण जिवंत असेल तर थांबा. वर मातीची कडक पापडी धरली असेल तर हलकं पाणी द्या. चिमटीत दाबताच पिचला आणि वास आला, तर ते बी गेलं. अशा वेळी उकरलेले दाणे आणि टॅग घेऊन या, पेरणीची आणि पाण्याची तारीख-वेळ सांगा. पिशवीतलं उरलेलं बी आपण दुकानातच तपासायला घालू.